दत्तगुरू नदीकाठी का आले?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गेल्या दत्तजयंतीच्या सप्ताहात, पहूरला गुरुचरित्राचं पारायण चालू असताना, एका कॉलेजातल्या मुलाने मला विचारलं, "आबा, दत्त महाराज सगळीकडे आहेत म्हणता, मग त्यांची स्थानं नदीकाठीच का?" मी त्याला "श्रद्धेने ऐक" म्हणून गप्प केलं. पण प्रश्न माझ्याच डोक्यात घर करून बसला. वर्षभर वाचून जे उमगलं, ते भक्तजनांपुढे ठेवतो.

आधी एक दुरुस्ती. गिरनार आणि माहूर ही जुनी दत्तस्थानं डोंगरावर आहेत. डोंगर म्हणजे एकांत आणि तप. तिथले दत्तात्रेय योग्यांचे, अवधूतांचे. प्रपंचाचं ओझं डोक्यावर घेऊन रोज डोंगर कोण चढणार?

म्हणून की काय, गुरू खाली आले. श्रीपाद श्रीवल्लभ कृष्णेतल्या कुरवपूर बेटावर राहिले. श्रीनृसिंह सरस्वती जन्माने वऱ्हाडातल्या कारंज्याचे. ते औदुंबरला, मग कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाच्या वाडीला आणि शेवटी भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूरला राहिले. नदीकाठी स्नानाला पाणी, आसपास गावं, दारोदार माधुकरी. गांजलेला माणूस तिथे पायी पोहोचू शकतो. गुरुचरित्रातली माणसं आठवा. कोणी पोटशुळाने बेजार, कोणाच्या दारी वांझ म्हैस, तर कोणी शेतकरी गुरूंच्या शब्दावर उभी ज्वारी कापणारा. डोंगरावरचा योग नदीकाठी आला आणि प्रपंचाचा आधार झाला.

उंबराचंही तसंच. उंबर जिथे, तिथे खाली पाणी, असं आपले शेतकरी म्हणतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही उंबर पाण्याची खूण म्हणून सांगितला आहे.

आता काळ बघा. देवगिरीचं यादवांचं राज्य गेलं होतं. 1347 साली गुलबर्ग्याला बहामनी गादी आली आणि गाणगापूर त्याच मुलखात. देवळांना पूर्वीचा राजाश्रय उरला नव्हता. अशा वेळी या पंथाने पादुका पुजल्या. पादुकांना मोठं शिखर लागत नाही, राजाचं दानही लागत नाही. काळाने जे नेलं, त्यावाचून उपासना कशी चालवायची याचं हे उत्तर होतं, असं मला वाटतं. वाडीला तर पावसाळ्यात कृष्णा थेट देवळात शिरते. पुराचं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तेव्हा लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावतात. संकटाची पर्वणी झाली!

राजसत्तेकडे बघण्याची दृष्टीही यातूनच घडली. पन्नासाव्या अध्यायात बेदरच्या यवन राजाचा स्फोटक गुरुकृपेने बरा होतो. पुढे जनार्दनस्वामी देवगिरीवर मुसलमानी अमलातच किल्ल्याचा कारभार सांभाळत दत्तोपासना करत. नाथ महाराज त्यांचे शिष्य. राजाचा द्वेष नाही आणि राजाची लाचारीही नाही.

मग धर्म म्हणजे नुसता भूगोल आणि इतिहास का? मलाही काही दिवस ही शंका छळत होती. पारायणाला बसलो की मन डळमळायचं. शेवटी समाधान असं झालं: पाणी उताराने वाहतं, पण उतार म्हणजे पाणी नव्हे. जमीन आणि काळ यांनी उपासनेला वाट दिली, कृपा गुरूंची.

आता आपलं बघू. आपली वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांपाशी वळण घेऊन पहूरला येते. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनीही डोंगर कोरायला याच नदीचं वळण निवडलं. अशी नदी गावाला लाभली, आणि आपण उद्यापन झालं की निर्माल्य, जुन्या तसबिरी, प्लास्टिकच्या पिशव्या तिच्यातच टाकतो. मीही टाकत आलो. वाडीला जाऊन कृष्णेचं तीर्थ घ्यायचं आणि घरच्या नदीत कचरा लोटायचा, ही कसली दत्तभक्ती?

या दत्तजयंतीला निर्माल्य उंबराच्या आळ्यात घालायचं मी ठरवलं आहे. त्या मुलालाही आता उत्तर देईन, आणि तो परत विचारेल तर गप्प करणार नाही.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!