पाय बुटाला की बूट पायाला?



मी अकरावीत असताना ऐन आषाढात राजगडावर गेले होते. डोंगरात चालण्याजोगे बूट घरात एकच होते आणि ते माझ्या थोरल्या भावाचे होते. मला ते एका नंबराने मोठे होत. आईने तोड सुचवली, "दोन जोड मोजे घाल म्हणजे बसतील." चढताना काहीच वाटले नाही. उतरताना मात्र पाय बुटात पुढे सरकू लागला आणि दर पावलाला अंगठा पुढे आपटू लागला. गुंजवणे गावात पोहोचले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी पडली होती आणि टाचांना मोठाले फोड आले होते. "मला डोंगर जमत नाही," असे मी ठरवून टाकले आणि पुढे सहा वर्षे एकाही गडावर गेले नाही.

आता माझ्या विद्यार्थिनींपैकी कोणी ना कोणी दर पावसाळ्यात हेच वाक्य मला ऐकवते. मी प्रथम तिचे बूट पाहते. बहुधा ते भावाचे तरी असतात, किंवा पुरुषांच्या बुटातला सर्वांत लहान नंबर तरी असतो. दोष पायाचा नसतो, बुटाचा असतो. तो कसा ओळखायचा हे समजण्यास शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

उतारावर काय घडते?

उतरत्या फळीवर ठेवलेल्या ठोकळ्याचे गणित तुम्ही केले असेल किंवा लवकरच कराल. उतार ३० अंशांचा असेल, तर वजनाचा निम्मा भाग उताराच्या दिशेने खाली ओढत असतो, कारण ३० अंशांची ज्या ०.५ असते. ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलीच्या बाबतीत ही ओढ २५ किलोग्रॅम वजनाएवढी झाली. सोल जमिनीला धरून ठेवतो, म्हणून बूट घसरत नाही. पण बुटाच्या आतला पाय कोण धरून ठेवणार? थोडे काम मोजा आणि सुकतळा यांच्यातील घर्षण करते. उरलेले काम पावलाच्या वरच्या उंचवट्यावर आवळलेल्या लेसने आणि टाचेला घट्ट धरणाऱ्या बुटाच्या मागच्या भागाने करायचे असते. त्यांनी ते केले नाही, तर ते अंगठ्याच्या नखाला करावे लागते.

समजा, आपल्याला ६०० मीटर उतरायचे आहे आणि दर पावलाला आपण २० सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे एकूण ३,००० पावले झाली, एका पायाच्या वाट्याला १,५००. दीड हजार वेळा आपटल्यावर नख काळे पडले तर नवल काय?

फोडाचे कारण थोडे निराळे आहे. एका हाताचे बोट दुसऱ्या हाताच्या पाठीवर दाबून ठेवा आणि न घसरू देता पुढेमागे हलवा. वरची कातडी बोटाबरोबर जाते, खालचे हाड मात्र जागीच राहते. मधल्या थरांना अशी जी ओढाताण सोसावी लागते, तिला कर्तन म्हणतात. सैल बुटात टाच दर पावलाला वरखाली होते आणि कातडीला हेच कर्तन हजारो वेळा सोसावे लागते. शेवटी थर सुटे होतात, त्यांच्यात पाणी भरते आणि फोड येतो. दमट कातडी कोरड्या कातडीपेक्षा मोज्याला जास्त चिकटून ओढली जाते, म्हणून ओल्या पायांना फोड लवकर येतात.

लहान केलेला पुरुषी बूट

आता दुसरा प्रश्न. भावाच्या बुटापेक्षा एक नंबर लहान घेतला म्हणजे झाले का? नेहमीच नाही. बूट एका साच्यावर घडवतात आणि साच्याला लांबीबरोबरच चवड्याची रुंदी, टाचेची रुंदी आणि वरच्या उंचवट्याची उंचीही असते. स्त्रीचे पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची लहान प्रत नव्हे, असे वुंडरलिख आणि कॅव्हॅना या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मापांच्या आधारे दाखवून दिले. स्त्रियांची टाच बहुधा चवड्याच्या मानाने अरुंद असते. म्हणून पुरुषी साच्याच्या लहान बुटात चवडा नीट बसला, तरी टाच सैल राहते. टाच घट्ट बसेल असा आणखी लहान नंबर घ्यावा, तर बोटे आवळली जातात.

पण येथे एक सावधगिरी हवी. हे सरासरीचे विधान आहे, तुमच्या पायाचे नव्हे. एखाद्या मुलीचा पाय रुंद असेल, तर तिला पुरुषी साचाच अधिक चांगला बसेल. शिवाय आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच बुटांचे नंबर इंग्रजी किंवा युरोपीय पद्धतीचे असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. त्या पाहणीत भारतीय पावले सर्वसाधारणपणे अधिक रुंद आढळली. अरुंद बुटात पाय कोंबता येत नाही म्हणून आपण लांबीचा मोठा नंबर घेतो, आणि मग माझ्या राजगडच्या फेरीसारखी गत होते!

तेव्हा खोक्यावर 'लेडीज' लिहिले आहे की 'जेंट्स', याला फार महत्त्व देऊ नका. आपला पाय मोजा.

प्रयोग : आपले पाऊल मोजा

साहित्य : मोठा कागद, पेन्सिल, मोजपट्टी.

कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला लावून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. मैत्रिणीला पेन्सिल अगदी सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ काढायला सांगा. सर्वांत पुढे आलेल्या बोटापर्यंतची लांबी मोजा. ते बोट अंगठाच असेल असे नाही, काहींचे शेजारचे बोट लांब असते. चवडा जेथे सर्वांत रुंद आहे तेथे रुंदी मोजा, आणि टाचेचीही मोजा. दोन्ही पाय मोजा. मग हीच मापे खुर्चीवर बसून घ्या.

माझ्या उजव्या पायाची लांबी बसून २३२ मिलिमीटर भरली आणि उभे राहून २३६. भार पडला की पावलाची कमान थोडी सपाट होते आणि पाऊल लांबते, रुंदावते. चालताना पायावर भार असतोच, म्हणून उभे राहून घेतलेले माप धरावे. दोन पायांपैकी मोठ्याचे माप खरे मानावे.

इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, सुमारे पावणेसात मिलिमीटर. अमेरिकी पद्धतीत स्त्रियांचा नंबर त्याच लांबीच्या पुरुषी नंबरापेक्षा एक ते दीड अंकाने जास्त असतो. हा गोंधळ टाळण्यासाठी बुटाच्या जिभेवर सेंटिमीटरमध्ये माप दिले असेल तर ते आधी पाहावे.

पाणी बाहेर, वाफ आत?

पावसाळी बूट म्हटले की दुकानदार 'वॉटरप्रूफ' हा शब्द उच्चारतोच. या जलरोधक बुटांत बहुधा एक पातळ पटल असते. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकची तापवलेली कांडी एकदम हिसका देऊन ओढली. ती तुटण्याऐवजी अनेक पटींनी ताणली गेली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली. अशा पदार्थाच्या पटलातून वाफ जाते, पण पाणी जात नाही. असे का बरे?

अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब टाका. तो पसरत नाही, मोत्यासारखा गोल राहतो. पानाचा पृष्ठभाग पाण्याला धरत नाही आणि पृष्ठताण थेंबाला आवळून ठेवतो. पटलही पाण्याला असेच झिडकारते. एक सहस्रांश मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून पाणी जबरदस्तीने घुसवायचे, तर सुमारे एक वातावरण, म्हणजे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब लागतो. उलट वाफेचा रेणू त्या छिद्राच्या सुमारे तीन हजारावा हिस्सा एवढाच असतो, तो सहज निघून जातो.

पण वाफ बाहेर जाते ती कशामुळे? आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो म्हणून. बुटात ३३ अंश सेल्सिअस तापमान आणि पूर्ण दमटपणा धरला, तर बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ३८ मिलिमीटर असतो. हिमालयात १० अंश तापमानाच्या निम्म्या दमट हवेत तो ५ मिलिमीटरहून कमी. फरक ३३ चा. सह्याद्रीत जुलैमध्ये हवा २४ अंशांची आणि जवळजवळ पूर्ण दमट असते. तेथे बाहेरचा बाष्पदाब सुमारे २१ मिलिमीटर, म्हणजे फरक १७ चा. वाफेला बाहेर ढकलणारे बळ निम्म्यावर आले! बुटाचे बाहेरचे कापड भिजून चिंब झाले, तर वाफेची वाट आणखी अडते. मग पाय पावसाने नव्हे, घामाने भिजतो.

आणखी एक गोष्ट. ओढा ओलांडताना पाणी घोट्याच्या वर गेले, तर ते वरून आत शिरते आणि बाहेरच्या पाण्याला अडवणारे पटल आतल्या पाण्यालाही अडवते. बूट म्हणजे पाण्याची पिशवीच होते. म्हणून दवाने भिजलेले गवत, थंड हवा आणि बर्फ यांसाठी जलरोधक बूट उत्तम. भर पावसात ओढ्यानाल्यांतून चालायचे असेल, तर पाणी झटकन निथळणारा साधा जाळीदार बूट पुष्कळदा बरा पडतो. मात्र दोन्ही बाबतींत बूट पायाला बसलेला हवाच. सैल बूट कोरडा राहिला तरी फोड आणतोच.

दुकानात जाताना

संध्याकाळी जा. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजलेले असतात, गडावरही ते सुजणारच. जे मोजे घालून चालणार, तेच घेऊन जा. ते सुती नसावेत, सुती मोजे पाणी धरून ठेवतात.

सुकतळा बाहेर काढून त्यावर उभे राहा. बोटांपुढे १० ते १२ मिलिमीटर जागा उरावी आणि चवडा कडेबाहेर जाऊ नये.

बूट घाला, लेस न बांधता पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट जेमतेम जावे. दोन बोटे गेली तर बूट मोठा.

लेस बांधून पायऱ्या उतरा. अंगठा पुढे टेकता कामा नये. चढताना टाच उचलली जाऊ नये. बूट वाकतो ती जागा आणि तुमचा चवडा वाकतो ती जागा एकच असावी.

जलरोधक बूट घेत असाल, तर जीभ बाजूंना किती उंचीपर्यंत शिवली आहे ते पाहा. पाण्यापासून संरक्षण फार तर तेथपर्यंतच मिळते.

"वापरल्यावर सैल होतील," असे दुकानदार म्हणाला तर नम्रपणे बूट परत करा. कापड थोडे मऊ पडेल, पण साचा बदलणार नाही.

सुटीतला उद्योग

घरातल्या सर्वांची पावले मोजा, आई आणि आजी यांचीही. प्रत्येकाच्या टाचेच्या रुंदीला चवड्याच्या रुंदीने भागा आणि आलेले गुणोत्तर तक्त्यात लिहा. घरातल्या पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या आकड्यांत फरक दिसतो का? चार-सहा पावलांवरून नियम सांगता येणार नाही, पण वर्गातल्या सर्वांनी आपापले तक्ते एकत्र केले तर काही सांगता येईल.

आणि तुमच्या वर्गातली एखादी मैत्रीण "मला डोंगर जमत नाही," असे म्हणाली, तर तिला कागदावर उभे करा आणि आधी तिचे पाऊल मोजा.