हूल

मुलांनो, भातसेच्या तीरावरील खडवलीत काय किंवा मुंबईच्या मोठ्या क्रीडांगणावर काय, कबड्डीचे मर्म एकच. चढाईस अवघे ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात चढाई करणारा गडी हूल देतो, मांडीवर थाप मारतो, पाय पुढे टाकून मागे घेतो. ही लबाडी नव्हे, कसब आहे. कोपऱ्यावरचा गडी चिडून अवेळी झेपावला, की पकड सुटते, चढाईवाला मध्यरेषा गाठतो आणि चिडलेला बाद! अमेरिकेतील फुटबॉलातही (तो हातांनीही खेळतात!) फसव्या आरोळीने उतावीळ होऊन, चेंडू हलण्यापूर्वीच जो रेषा ओलांडतो, त्याच्या संघास ५ यार्डांचा दंड होतो. धक्काबुक्की आणि पंचांशी हुज्जत मात्र निराळी. पिवळे कार्ड मिळालेला कबड्डीपटू २ मिनिटे बाहेर बसतो. त्याच्या जागी दुसरा येत नाही.