मुलांच्या मेंदूतील गाठ आणि शरीराचे राखणदार

‘‘डॉक्टर, पोराची प्रतिकारशक्ती कमी पडली का? टॉनिक सुरू करू का?’’ मेंदूत गाठ निघालेल्या मुलाचे आईवडील हे हमखास विचारतात. शंका रास्त आहे, पण या रोगाची खोड वेगळी आहे.

रक्तातील पांढऱ्या पेशी परक्याला ओळखून मारतात. मोठ्यांचा, विशेषतः तंबाखूने होणारा कर्करोग वर्षानुवर्षे बिघडत जातो. त्याच्या पेशींवर बदलांच्या खुणा पुष्कळ असतात. मुलांची गाठ वाढत्या मेंदूच्या पेशींतूनच, मोजक्या बदलांनी तयार होते. राखणदार तिला घरचीच समजतात. लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशी तर कित्येकदा आपली ओळख पटवणारी प्रथिनेही झाकून ठेवतात.

त्यात जागा अडचणीची. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर घट्ट असते. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीवर फवारा पोचत नाही, तसेच इथे होते. मेंदूत स्वतःच्या भक्षक पेशी असतात खऱ्या, पण गाठ त्यांना रासायनिक निरोप धाडते आणि त्यांतल्या बऱ्याच राखण सोडून गाठीलाच पोसू लागतात!

पांढऱ्या पेशींचे ‘ब्रेक’ काढण्याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. मोठ्यांच्या काही कर्करोगांत त्याचा चांगला गुण आला, मुलांच्या मेंदूतील बहुतेक गाठींत नाही. गाडीच तिथवर आलेली नसेल तर ब्रेक काढून काय उपयोग? अपवाद आहे तो जनुकांची दुरुस्ती जन्मतःच बिघडलेल्या मुलांचा. त्यांच्या गाठींत बदल भरमसाट असतात, म्हणून तिथे काहींना गुण आला आहे.

मुंबईच्या आयआयटी व टाटा मेमोरियलने विकसित केलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, पण ती रक्तातील व लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांसाठी. मेंदूच्या गाठींवर असे उपचार अजून प्रयोगावस्थेत आहेत.

तेव्हा टॉनिकवर पैसे आणि दिवस घालवू नका. सकाळी उठताच डोके दुखणे, उलटी होणे, चालताना झोक जाणे, नव्याने तिरळेपणा येणे, असे काही आठ-पंधरा दिवस चालले तर पित्त किंवा जंत म्हणून सोडून न देता मेंदूची तपासणी करून घ्या. मेड्युलोब्लास्टोमाची बरीच मुले शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधांनी बरी होतात. मेंदूची सूज उतरवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते हे खरे, पण म्हणून ते घरच्या घरी बंद करू नका. सूज पुन्हा वाढून जिवावर बेतू शकते.