टाळेबंदीतली बेगमी

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. मालवणात आमच्या राहत्या घराच्या काही खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. एप्रिल-मे म्हणजे आमची वर्षाची कमाई. फोन येत राहिले ते सगळे बुकिंग रद्द करणारे. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं आणि पुढ्यात रिकामे दिवस. त्या दिवसांत जे कळलं ते लिहून ठेवते आहे, कारण घरात अडकून पडायची वेळ माणसावर या ना त्या कारणाने येतेच.

१. दिवस मोसमाप्रमाणे लावा.

पहिल्या आठवड्यात मोबाइलवर सल्ल्यांचा पाऊस पडत होता. योगासनं करा, नवी भाषा शिका, केक करा. नवऱ्याने एक वेळापत्रक लिहून भिंतीवर चिकटवलं, ते दोन दिवसांत सगळे विसरले. सासूबाईंनी त्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या म्हणाल्या, "पाऊस काय लॉकडाऊन बघून थांबतलो?"

तिथून आमचे दिवस मार्गी लागले. पाडव्यापासून मिरगापर्यंतचा (मृग नक्षत्रापर्यंतचा) काळ कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, तयारीचा. सरपण सुकवून माळ्यावर चढवायचं, छपराचे नळे परतायचे, माडाच्या चुडतांची झापं विणून पडवीला बांधायची, मसाला, आमसुलं, फणसपोळी, सुकी मासळी भरून ठेवायची. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली ती १९९८ मध्ये. त्याच्या बऱ्याच आधीच्या काळात मुंबईहून येणाऱ्या आगबोटींवर किनारा चालायचा आणि पावसाळ्यात त्या बंद असत. समुद्र बंद, होड्या वर ओढलेल्या, माणसं घरात. नारळी पौर्णिमेपर्यंत आपल्या भरवशावर जगायची रीत इथल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पर्यटक यायला लागल्यापासून आम्ही ती सोडली होती, कारण मे महिन्यात पाहुण्यांची ताटं वाढायची की रातांबे फोडायचे? त्या वर्षी वेळच वेळ होता.

मोसमाचं काम हाताशी असलं की सकाळी उठण्याचं कारण शोधावं लागत नाही. आंबा पिकला की पिकला. त्याला उद्या चालत नाही.

२. एक काम मुळापासून शेवटापर्यंत करा. आम्ही कोकम केलं.

याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त समाधान यातच मिळालं. परड्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, तीन जुनी झाडं आहेत. एरवी फळं गळून जात, उरलेली कोणीतरी नेई. त्या एप्रिलमध्ये सासूबाईंनी सकाळीच हाक मारली, "बसान काय रवलात? रातांबे फोडूक येवा."

रातांबे धुऊन, पुसून, फोडून साल एका परातीत आणि बियांसकट गर दुसरीत. आमसुलं करायची तर साल उन्हात घालायची आणि संध्याकाळी मीठ घातलेल्या रसात बुडवून काढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन, पुन्हा रस. जितकी पुटं जास्त तितकं आमसूल काळं, जाड आणि टिकाऊ. बाजारातलं आमसूल पातळ का लागतं हे मला तेव्हा समजलं. सरबतासाठी सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे, तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात ठेवायची. काही दिवसांत साखर विरघळून लालभडक पाक सुटतो. पाण्याचा एक थेंबही त्यात चालत नाही. आगळासाठी, म्हणजे खारवलेल्या रसासाठी, मात्र सढळ हाताने मीठ, तेवढंच त्याला वर्षभर राखतं.

बियासुद्धा टाकायच्या नाहीत. त्या राखेत घोळवून सुकवल्या, पावसाच्या तोंडावर कुटल्या, पाण्यात उकळल्या. वर तरंगलेलं तेल थंड झाल्यावर थिजतं, ते मुठीत दाबून गोळे करायचे. हे मुठेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. माझ्या मुलीने दुकानातल्या मलमाच्या डबीवर कोकमाचं नाव वाचलं होतं, ते झाड आपल्या विहिरीशेजारी उभं आहे हे तिला माहीत नव्हतं. उन्हात घातलेल्या साली उलटवण्याचं काम तिने मागून घेतलं आणि शेवटपर्यंत केलं. शाळेने पाठवलेले धडे ती कंटाळत करायची, हे काम तिला कधी सांगावं लागलं नाही. मुलांना वेळ घालवायला काहीतरी देण्यापेक्षा घराला लागणारं खरं काम द्यावं, हे मी त्यातून घेतलं.

३. अडलं तर जुनी पद्धत विचारा.

मालवणी मसाल्याच्या मिरच्या घाटावरून येतात. घाटरस्त्यांवर तपासणी, गाड्या कमी, त्यामुळे बेडगी आणि शंकेश्वरी उशिरा आणि महाग मिळाली. कांडप बंद. मग उखळ बाहेर काढलं. धने, दगडफूल, नागकेशर भाजल्याचा वास, शिंका, खांद्यांचं दुखणं, सगळं झालं. दरवर्षी हे करा असं मी सांगणार नाही. कांडप उघडल्यावर मी आनंदाने तिथेच गेले. पण मसाल्यात काय कुठल्या क्रमाने भाजायचं ते आता मला कोणाला विचारावं लागत नाही.

४. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं नोंदवून ठेवा.

सासरे झापं विणताना बोलतात. समोर बसवून मुलाखत घेतली तर दोन वाक्यांत संपवतात. म्हणून मुलगा त्यांच्यासमोर चुडत धरून बसायचा आणि मी फोन बाजूला ठेवून ध्वनिमुद्रण चालू करायची. आगबोटीतून उतरून पडावाने किनाऱ्याला येताना ओले झालेले कपडे, बंदरावरची हमाली, शेतातल्या कोणत्या कुणग्याचं नाव काय, विहिरीचं पाणी कोणत्या साली आटलं, हे सगळं असं मिळालं. कुणग्यांची नावं तर सातबाऱ्यावरही नाहीत. वहीत लिहून काढताना तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव घाला, नाहीतर पुढे कोण काय म्हणालं यावरून घरात वाद होतो.

५. खेळायला बसा, मोठ्यांनीही.

पाहुण्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा शोभेसाठी ठेवलेला होता. एकशेवीस गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा. नियम शिकायलाच बरेच दिवस गेले, कारण पाच रंगांत दश्शी वरचढ आणि उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातात तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. खेळता खेळता मुलांना मत्स्य ते कल्की सगळे क्रमाने पाठ झाले. वस्तू वापरली की तिची किंमत कळते. त्यानंतर आमच्याकडून काही पाहुण्यांनी सावंतवाडीच्या कारागिरांचा पत्ता नेला, याचा मला फार आनंद आहे.

६. बातम्या दिवसातून एकदाच.

संध्याकाळी, सगळ्यांनी मिळून. एवढंच.

७. दाराबाहेरच्या माणसाला आपल्या दिवसात धरा.

मेमध्ये मुंबईहून चाकरमानी गावी यायला लागले. ई-पास काढून, टेम्पोत बसून, काही जण चालतसुद्धा. ज्यांच्या मनीऑर्डरींवर इथली घरं उभी राहिली, त्यांच्यासाठी काही वाड्यांच्या वाटांवर ओंडके आडवे पडले. भीती खरी होती, हे मान्य. पण आपल्या माणसाला दूर ठेवणं आणि त्याला परका करणं यात फरक आहे आणि तो त्या महिन्यात अनेक ठिकाणी राखला गेला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

माझा दीर परळहून आला. चौदा दिवस शाळेत विलगीकरण. मी फाटकापाशी डबा ठेवून मागे व्हायची. पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला, "वयनी, माका एकट्याक डबो नको. हय पंधरा जणा आसत." मग वाडीतल्या घरांनी पाळ्या लावल्या. एकाकडून उकड्या तांदळाची पेज, एकाकडून सुक्या बांगड्याचं तिखलं, आमच्याकडून सोलकढी. आतल्या लोकांनी शाळेचं आवार साफ केलं, गडग्याचे ढासळलेले चिरे बसवले. काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनाही हात रिकामे ठेवणं जड जात होतं. घरातला वेळ सत्कारणी लावायचा तर त्यातला काही घराबाहेर द्यावा लागतो, फोनवर, डब्यातून, जसा जमेल तसा.

८. ज्याच्या घरात तांदूळ नाही त्याला छंद सांगू नका.

आमच्याकडे परडं होतं, थोडी साठवण होती. मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर रापणीच्या वाट्यावर जगणाऱ्या घरांचं तसं नव्हतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ती ओढायला पुष्कळ माणसं लागतात, दोन हात अंतर ठेवून ती ओढता येत नाही. १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला सूट दिली, पण मासळी नेणार कोण? हॉटेलं बंद, गाड्या तुरळक. काही बाया मासळी खारवून सुकवत होत्या आणि गिऱ्हाईक शोधत होत्या. देवगडच्या बागायतदारांनी त्या वर्षी हापूसच्या पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत पोहोचवल्या. आम्ही त्यातूनच धडा घेतला. आंब्याच्या गाडीत जागा मागितली, आमची आमसुलं, शेजारणीचा गोलमा (सुकट), दुसरीच्या फणसपोळ्या एका खोक्यात घालून मुंबईच्या जुन्या पाहुण्यांना पाठवल्या. पैसे फार नव्हते, पण रोख होते.

ज्यांना शक्य आहे त्यांनी अशा वेळी काम काढावं. गडगा बांधायचा राहिला असेल, विहीर उपसायची असेल, सरपण फोडायचं असेल, ते तेव्हाच करून घ्यावं आणि मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी, महिनाअखेरीवर ढकलू नये. कारण त्या दिवसांत दुकान सकाळी थोडाच वेळ उघडं असायचं आणि उधारी बंद झाली होती.