एका मिनिटात शिगेला गेलेली डोकेदुखी

अगं, तू बाळंतपणाला माहेरी येशील तेव्हा मी इथे नसणार, म्हणून आजच बोलते. ‘बाळंतपणात जरा आजारी होते’ एवढंच मी तुला सांगितलं होतं. खरं काय झालं ते ऐक.

मुलगा नऊ दिवसांचा होता. मालिश झाली, मालिशवाली बाई कढत पाणी ओतत होती, आणि डोक्यात वीज पडावी तसं दुखलं. अर्धशिशी मला कॉलेजपासूनची. ती हळूहळू चढते. हे मिनिटभरात शिगेला पोचलं. आई म्हणाली, वारा लागला असेल, कान बांध. तासाभराने उतरलं, म्हणून मीही गप्प बसले. दोन दिवसांनी कुंथताना पुन्हा तसंच. सीटी स्कॅन नॉर्मल आला, डॉक्टरांनी जागरणाचं दुखणं म्हणून घरी पाठवलं. चौदाव्या दिवशी बाळाला घ्यायला गेले, तर डावा हात उचलेना.

तो स्ट्रोक होता. मेंदूच्या रक्तवाहिन्या जागोजागी आवळल्या होत्या. अँजिओग्राफीत मण्यांच्या माळेसारख्या दिसत होत्या. आत काही साचलेलं नव्हतं, भिंतीच आकसल्या होत्या. याला आरसीव्हीएस म्हणतात; हे नाव २००७ सालचं. बहुतेकांच्या वाहिन्या तीन महिन्यांत पुन्हा मोकळ्या होतात. माझ्याही झाल्या. पण तेवढ्यात मेंदूचा जो भाग रक्तावाचून राहिला, त्यापायी ब्लाउजचे हूक लावायला मी आठ महिने नव्याने शिकत होते गं.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत याचा धोका असतो. त्यात नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या, अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं निमित्त होऊ शकतात. तेव्हा मेडिकलवाल्याला विचारून काही घेऊ नकोस. डॉक्टरांनी दिलेलं मात्र आपल्या मनाने बंदही करू नकोस.

तसं दुखलंच, तर बाम चोळत बसू नकोस, उतरलं तरी थांबू नकोस. १०८ ला फोन. आणि तिथे नुसतं ‘डोकं दुखतं’ म्हणू नकोस; ‘एका मिनिटात शिगेला गेलं, बाळंत होऊन इतके दिवस झाले’ असं सांग. पहिल्या आठवड्यात अँजिओग्राफीसुद्धा नॉर्मल येऊ शकते. पुन्हा दुखलं तर पुन्हा जा.

आईवर रागावू नकोस हं. आजीने तिचं केलं तसंच तिने माझं केलं. तुझं पाणी कोमट ठेवायला मी तिला सांगितलंय. नवऱ्यालाही हे सगळं सांगून ठेव. जीभ जड झाली तर तुझ्या जागी त्यालाच बोलावं लागेल.