लहान पडद्यावरील दुकान

अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल पाहावयास चांदवडला येणारा प्रवासी खाणावळ शोधतो, ती हातांतील मोबाइलवर. संगणकाच्या रुंद पडद्याकरितां रचलेलें संकेतस्थळ तेथें उघडलें, तर अक्षरें मुंगीएवढीं दिसतात आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळतें. यावर ईथन मार्कॉट यांनीं २०१० सालीं उपाय सुचविला : पानाची मांडणी पडद्याच्या रुंदीप्रमाणें आपोआप बदलावी. शेजारीं शेजारीं असलेले रकाने मग एकाखालीं एक येतात व चित्रें आकसतात. तथापि एवढ्यानें भागत नाहीं. भाव, पत्ता व दूरध्वनिक्रमांक प्रथम दिसावेत. बटणें अंगठ्यानें सहज दाबतां येतील एवढीं असावीं. जड चित्रें टाळावीं, कारण तीं उशिरां उमटतात. विद्यार्थी मित्रहो, घरच्या दुकानाचें पान मोबाइलवर उघडून पाहा. बोटांनीं न ताणतां वाचतां आलें, तरच तें गिऱ्हाइकाच्या उपयोगाचें होय.