शेतात निघालेल्या खापरांवर हक्क कुणाचा?

प्रश्न : नेवासे तालुक्यातील एका शेतकरी वाचकाच्या पांढरीच्या रानात खोल नांगरटीत जाड खापरे आणि मडक्याचा एक लांब कान वर आला. ती रोमन असल्याचे सांगून एकाने विकत मागितली आहेत. ती विकता येतील का? सरकारला कळवले तर जमीन जाईल का?

उत्तर : अंदाज निराधार नाही. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या १९५४-५६ मधील नेवासे उत्खननात रोमन अ‍ॅम्फोरांचे, म्हणजे दोन कानांच्या उंच कुंभांचे, तुकडे मिळाले होते. इटलीची दारू भडोच बंदरात उतरत असे, हे ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात नोंदलेले आहे. मात्र भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदलेली अनेक खापरे मेसोपोटेमियातील बिनकानाच्या, आतून डांबर लावलेल्या रांजणांची असल्याचे पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टोंबर यांनी दाखवले. म्हणून हा कान महत्त्वाचा. खापरे घासून धुऊ नयेत. आतला काळा थर हाच पुरावा असू शकतो.

आता कायदा. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. परदेशी पाठवल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. शिवाय भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खापराची किंमत दहा रुपये भरते का, या वादात पडण्यापेक्षा अर्ज देणे केव्हाही बरे. वस्तू काय, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली, एवढे त्यात लिहावे, गट क्रमांक घालावा आणि पोच घ्यावी. सरकारने वस्तू घेतल्यास तिच्या द्रव्याची किंमत व वर एक पंचमांश रक्कम मिळते. मातीच्या खापराला ती नगण्यच असणार, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

जमिनीची भीती मात्र अनाठायी आहे. खापरे निघाली म्हणून सातबारा बदलत नाही. केंद्राला जागा संरक्षित करायची असल्यास आधी दोन महिन्यांची सूचना काढावी लागते आणि त्या मुदतीत मालकाला हरकत घेता येते.

विकत मागणाऱ्याला नकार द्यावा. खापर रानातून हलले की ते कुठल्या थरातले, कशाशेजारचे, हे कायमचे पुसले जाते. सापडल्या जागेचे फोटो काढावेत आणि पाहणी होईपर्यंत तेवढ्या पट्ट्यात नांगर घालू नये.